ओट्याखालचं चेंबर

जोतीरामच्या अंगावर रोज सकाळी गेलेल्या नोकरीचा शर्ट चढायचा. निळा, खिशावर तळोज्याच्या एका केमिकल कंपनीचं नाव शिवलेलं. कंपनी होती तिथंच होती, धुराडंही चालू होतं. फक्त जोतीराम तिच्यात नव्हता. ठेकेदारानं करोनाच्या टाळेबंदीच्या साली पाइप फिटरांची अख्खी टोळीच घरी बसवली, त्यात हा गेला. गेटपास काढून घेतला, हेल्मेट काढून घेतलं, शर्ट तेवढा मागायचा राहिला. त्याची कॉलर पुढं इतकी विरली की उज्वलानं ती उसवून, उलटी करून पुन्हा शिवली. बायको म्हणून तिनं नवऱ्याची अब्रू अशी सुईदोऱ्यानं सांभाळली.

कोपरखैरण्याच्या त्यांच्या लायनीत सगळी माथाडी कामगारांची घरं. साताऱ्याकडची माणसं. बापांनी तुर्भ्याच्या मार्केटात गोण्या वाहून घेतलेली घरं, पोरांनी त्यांच्यावर मजले चढवलेले. भिंतीला भिंत अशी की एका घरात मिरची तळली तर चौथ्या घरात ठसका लागावा. अशा ठिकाणी नोकरी गेल्याची बातमी दाबून ठेवायची म्हणजे पोटात मांजर लपवण्यासारखं. पण जोतीरामनं ती दाबली. डबा घेऊन वेळेवर निघायचा, वेळेवर परतायचा. कुणी विचारलंच, "काय सुपरवायझर, प्रमोशन-बिमोशन?" की "चाललंय की," म्हणायचा. सुपरवायझर तो कधीच नव्हता. पण लायनीनं म्हटलं, त्यानं नाही म्हटलं नाही, आणि न म्हटलेल्या नाहीवर माणूस हळूहळू चढत जातो.

तो जायचा पावण्याला, जवळच्याच एमआयडीसीत. तिथल्या एका हार्डवेअरच्या दुकानाबाहेर प्लंबर बसायचे. कुणाच्या घरी नळ गळला, टाकी भरली नाही, की गिऱ्हाईक दुकानात यायचं आणि शेठ बाहेर हाक मारायचा. जोतीराम दुकानामागच्या गोदामात निळा शर्ट काढून खिळ्याला लावायचा, मळका टी-शर्ट घालायचा आणि पायरीवर येऊन बसायचा.

पहिल्या दिवशी शेठनं हाक मारली, "संडास तुंबलाय, कोण जातंय?" तेव्हा हा ताठ बसून म्हणाला होता, "संडासाचं काम आपन करत न्हाय. नळ, टाकी, मोटार, काय पन सांगा."

पायरीवर देवजी विडी ओढत बसला होता. पावणे गावचाच, साठीला आलेला, आगरी माणूस. तो असा हसला की विडी विझली.

"काय रं, नवा नवरा हायस काय? नल गलला त लोक खाली बालदी लावतान न् आठ दिस ढकलतान. संडास तुंबला त त्यांना आपला बाप आठवतं. आपून त्यांचे बाप हाव. चल, ऊठ."

"लाज वाटतीया, दादा."

"लाज?" देवजीनं समोरच्या कारखान्यांच्या रांगेकडं हात केला. "त्या पत्र्यांचे खाली आमची भाताची शेती हाय. सगली गेली. आता आमचेच जमिनीवर सगले जग हगतं. मना लाज नाय वाटली, त तुना कनची वाटते?"

देवजीनं त्याला बरोबर नेलं. आधी नुसतं बघायला लावलं, मग हात घालायला लावला. उलटी झाली तर पाठीवर हात फिरवला. मग वास जावा म्हणून हाताला चिंच आणि राख चोळायला शिकवलं. दुपारी स्वतःच्या डब्यातली सुकट याच्या भाकरीवर टाकली. घरी हे ऐकल्यावर उज्वला दोन भाकऱ्या जास्त द्यायला लागली आणि त्या भाकऱ्या थापायचं काम पुढं लेकीकडं, ज्ञानेश्वरीकडं गेलं. "देवजीकाकांना लसणाची चटनी आवडली का?" ती विचारायची. भाकऱ्यांसाठी उज्वलानं जुन्या खाकी पॅन्टची एक पिशवीही शिवून दिली. ती देवजीनं हत्यारांसाठी ढापली. चार-पाच वर्षं असं चाललं. मायलेकींनी देवजीला कधी पाहिलं नव्हतं. जोतीरामनं त्याला घरी कधी आणलंच नाही. आणला असता तर लायनीनं विचारलं असतं, हा कोण?

आणि विचारलं असतं तर काय झालं असतं? झालं असतं काही नाही. पण जोतीरामच्या कानात एक वाक्य बसलं होतं. गावच्या जत्रेत, भावकीच्या पंगतीत, कुणीतरी तिसऱ्याच माणसाबद्दल बोललं होतं: "ममईला जाऊन लोकांची हगणी उपसतंय त्ये, आन् हितं येऊन फेटा बांधतंय." सगळी पंगत हसली. जोतीरामही हसला. त्या दिवसापासून तो फेट्याला भ्यायला लागला.

ज्ञानेश्वरीला स्थळ आलं ते कोरेगावाकडचं. मुलगा शिवतेज, बँकेत नोकरीला, तळोज्याला नव्या इमारतीत स्वतःचा फ्लॅट घेतलेला. बाप शहाजीराव, साखर कारखान्यातून रिटायर झालेले, मिशी अजून कामावर असलेली. बायोडेटात मुलीच्या वडलांपुढं जोतीरामनं लिहिलं, 'सुपरवायझर, तळोजा'. उज्वला वाचून काही बोलली नाही. ज्ञानेश्वरी बोलली.

"आप्पा, ते लोक तळोज्यालाच राहनार. एक दिवस कंपनीत जाऊन विचारतील."

"लग्न झाल्यावर कोन विचारतंय?"

"आनि आधी विचारलं तर?"

"तू गप बस. तुझंच भलं बघतुया."

पाहुणे रविवारी यायचे ठरले आणि जोतीरामला एकदम घराचा ओटा दिसायला लागला. उखडलेली फरशी, मधोमध सांडपाण्याच्या चेंबरचं जुनं सिमेंटचं झाकण, एका कडेला चिरून तुकडा उडालेलं. पाहुणे घरात शिरताना पहिला पाय त्यावर पडणार. ते त्याच्या डोळ्यांत सलायला लागलं. रोज दुसऱ्यांच्या चेंबरमध्ये खांद्यापर्यंत हात घालणाऱ्या माणसाला स्वतःच्या दारातलं झाकण बघवेना.

ओटा नवा करायचा ठरलं. दुसरा मिस्त्री बोलवायचा तर पैसे, आणि स्वतः करायचं तर लायन बघणार. मग त्यानं ओट्याला उज्वलाच्या जुन्या साड्यांचा आडपडदा बांधला आणि आत उकिडवा बसून टाइल्स लावायला घेतल्या.

पडद्याबाहेरून शेजारीण विचारायची, "उज्वलाताई, कोन हाय कामाला?"

"कंपनीतला मानूस आलाय," उज्वला सांगायची आणि आत पाण्याचा तांब्या देताना कुजबुजायची, "घ्या पानी, कंपनीतला मानूस."

चेंबरचं झाकण टाइलखाली घालायचं नसतं, हे जोतीरामला कळत नव्हतं असं नाही. पावण्याला कुणी गिऱ्हाईक असं करायला सांगे तेव्हा हाच हात जोडायचा: "शेठ, उद्या तुंबलं तर कुठनं उघडनार?" पण स्वतःच्या दारात त्यानं ते घातलं. वर पत्रा ठेवला, त्यावर सिमेंट पसरलं. पसरताना चिरलेल्या कडेतून सिमेंटचा मोठा गोळा सटकून आत पडला. पडल्याचा आवाजही त्यानं ऐकला. झाकण उचलून हात घालायचा, गोळा काढायचा, एवढंच काम होतं. तेवढ्यात शेजारणीची पावलं पडद्याशी आली.

"बगू तरी, कसली लादी बसवताय ती!"

जोतीरामनं झाकण तसंच राहू दिलं, पाठ वळवली, डोक्यावर टॉवेल ओढला आणि घाईघाईत टाइल दाबून टाकली. गोळा आत पाण्यात हळूहळू दगड होत गेला.

ओटा दिसायला झाला मात्र देखणा. पांढरा, त्यात निळी नक्षी. लायनीनं नावाजला.

रविवारी सकाळी पाहुण्यांची गाडी आली. आठ माणसं, पहाटे गावाहून निघालेली, वाटेत दोनदा चहा घेतलेली आणि कुठंच नीट न थांबलेली. नव्या ओट्यावर पावलं उमटली, शहाजीराव म्हणाले, "वा, पाव्हणं! दारातच संगमरवर!" जोतीराम फुलला. पांढरा शर्ट, इस्त्रीची पॅन्ट, केसांना तेल. उज्वलानं पाणी दिलं. आणि पाणी पिऊन झाल्यावर शहाजीरावांच्या थोरल्या बहिणीनं, रंगूबाईनं, इकडंतिकडं बघत हळूच विचारलं, "बाई, ते... कुठंशी हाय?"

घरात संडास एकच. रंगूबाईमागनं दुसरी बाई गेली, मग एक काका, मग दुसरे, मग शहाजीराव. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचीही तीच वेळ, आणि खालचा पाइप एकच. जोतीराम बैठकीत बसून नवऱ्या मुलाशी बोलत होता, "बँकेत सध्या लोनचं कसं काय," आणि कान मात्र आतल्या बाजूला. फ्लशनंतर भांड्यातून एक आवाज आला. खोल, गुळगुळता, पोट फुगलेल्या म्हशीसारखा. त्या आवाजाला जोतीराम रोज भेटत होता. त्याच्या हातातला पोह्यांचा चमचा थांबला.

"काय झालं, पाव्हणं?"

"काय न्हाय. घ्या की, लिंबू घ्या."

दुसऱ्यांदा रंगूबाईच आत गेल्या. थोड्या वेळानं आतून हाक नाही, किंकाळी आली. दार उघडून बाई लुगडं गुडघ्याएवढं उचलून बाहेर आल्या आणि त्यांच्या मागोमाग उंबऱ्यावरून पाणी आलं. नुसतं पाणी नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आलं. उज्वलानं पोतं टाकलं, ज्ञानेश्वरी नव्या साडीत झाडू घेऊन धावली, तिला आईनं परत ढकललं.

बैठकीत कुणी नाकाला रुमाल लावला, कुणी उगाच मोबाईल बघायला लागलं. रंगूबाई पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. "शिव शिव शिव. सोन्यासारख्या कामाला आलो आन् काय हे!"

उज्वला नवऱ्याजवळ आली. हळू बोलली, "अवं, पाच मिन्टाचं काम हाय तुमचं. मी पाव्हण्यांना शेजारी नेते. कापडं बदला आन् हात घाला."

जोतीरामनं तिच्याकडं असं बघितलं की ती मागं सरली. मग तो मोठ्यांदा, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बोलवतो की एखाद्या प्लंबरला! हल्ली रविवारी मिळत न्हाईत लेकाचे."

आणि फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेला.

"देवजीदादा, घरला ये. तुंबलंय."

"तुजे घरान? न् तुजे हातांना काय लकवा मारला?"

"पाव्हणं आल्यात. पोरीला बघाय."

"अरं मंग आधी नाय सांगाचा? आयलूच."

"दादा..." जोतीरामनं मागं वळून बघितलं, दार ओढून घेतलं. "तेवढी वळख दावू नगंस. जोत्या म्हनू नगंस."

पलीकडं रस्त्यावरच्या ट्रकचा हॉर्न वाजला, संपला. जोतीरामला वाटलं, फोन कट झाला.

"बरा," देवजी म्हणाला.

तो स्कूटरवरून आला. मागं लांब बांबूची पट्टी बांधलेली, खांद्याला खाकी पिशवी. दारात उज्वला उभी होती. माणूस पहिल्यांदाच बघत होती ती, पण पिशवी बघून तिच्या तोंडावर हसू आलं आणि "भावजी" म्हणायला ओठ उघडलेही. देवजीनं तिच्याकडं बघितलं न बघितलंसं करून विचारलं, "संडास कनचे बाजूला हाय, बाय?"

ती काही बोलायच्या आत रंगूबाई पलंगावरून बोलल्या, "त्याला मधनं आणू नका, देव्हारा हाय. मागनं वाट न्हाय का?"

मागं दोन घरांच्या मधली गल्ली होती. कचरा, उंदीर आणि लायनीतल्या घरांचे पाइप, यांच्यापुरती. देवजी अंग चोरून, आडवा होऊन त्या गल्लीतून आत गेला. साठीचा माणूस. जोतीराम पुढच्या दारानं आत जाऊन त्याच्यासमोर उभा राहिला, हात पाठीमागं बांधून. ते हात त्याला आवरेनात. देवजीनं पट्टी भांड्यात सारली तेव्हा जोतीरामचा उजवा खांदा आपोआप पुढं गेला.

शहाजीराव रुमाल लावून मागं येऊन उभे राहिले. "लक्ष ठिवा, पाव्हणं. ही माणसं मुद्दाम येळ काढत्यात. तुमाला काय सांगायचं म्हना, तुमी माणसं हाताखाली राबवता."

"व्हय तर," जोतीराम म्हणाला. मग देवजीकडं न बघता आवाज चढवला, "ए मिस्त्री! आटप लवकर. दिवसभर खेळत बसतोस का?"

देवजीचा हात एक क्षण पट्टीवर थांबला.

"व्हय सायब," तो म्हणाला.

पट्टी एका जागी जाऊन अडत होती, टणक. देवजीनं दोनदा ठोकून आवाज घेतला आणि मान वर केली. "चेंबर कनं हाय, सायब?"

जोतीरामनं मागं वळून शहाजीरावांकडं बघितलं.

"चेंबर उघरल्याशिवाय निघाचा नाय. वरून नाय जात. कनं हाय?"

"पुढं," जोतीराम म्हणाला. "ओट्याखाली."

"टाइलीचे खाली?" देवजीनं त्याच्याकडं बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. जोतीरामची नजर फ्लशच्या टाकीवर जाऊन बसली.

उज्वला एवढ्यात चहा घेऊन आली. पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्यांमधला एक कप. देवजीनं हात धुऊन, पॅन्टीला पुसून पुढं केला. मागून रंगूबाईंचा आवाज आला. कुणालाच उद्देशून नाही असं दाखवत त्या बोलल्या, "आमच्याकडं असल्या माणसास्नी कागदाचा ग्लास आस्तो बाई. आपला आपला रिवाज."

उज्वला थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं. ज्ञानेश्वरीही स्वयंपाकघराच्या दारात आली होती, तिनंही बघितलं. डब्यातली भाकरी ह्याची का त्याची हे ज्या माणसाबरोबर जोतीरामनं कधी बघितलं नाही, तो माणूस हात पुढं करून उभा होता.

"कागदाच्या ग्लासात दे की त्याला," जोतीराम म्हणाला. "अक्कल न्हाय का तुला?"

देवजीनं पुढं केलेला हात मागं घेतला. "ऱ्हाऊंदे बाय. मी च्या पीत नाय." दिवसातनं सात वेळा चहा पिणारा माणूस.

मग ओटा फुटला. पाहुणे खिडकीत उभे राहून बघत होते, समोरच्या लायनीतली माणसंही आपापल्या दारांत आली होती. देवजीनं छिन्नी लावली आणि पहिल्या घावाला निळ्या नक्षीची टाइल तडकली. पत्रा निघाला, चिरलेलं झाकण निघालं. चेंबर तोंडापर्यंत भरलं होतं. देवजीनं बाही वर केली, पालथा पडला, गाल जमिनीला टेकवून खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपत राहिला. त्याचे डोळे त्या वेळी जोतीरामच्या पायांवर होते. चप्पल नवी होती.

हाताला लागलं तसं त्यानं ओढलं. नारळाएवढा सिमेंटचा गोळा. तो निघाला आणि मागचं सगळं तुंबलेलं गदगदून वाहून गेलं. घरातून उज्वलाचा आवाज आला, "उतरलं, उतरलं!"

शहाजीरावांनी खिडकीतून तो गोळा बघितला. "कुठल्या गाढवानं ह्ये काम केलं हो?"

"होता एक... कंपनीतला मानूस," जोतीराम म्हणाला.

"त्याला आधी हाकला."

देवजी गोळा हातात फिरवून बघत होता. त्याच्यावर थापीचे वळ होते. कुणाची थापी डावीकडून पडते, हे त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. "नाय सायब," तो शहाजीरावांना म्हणाला, "हात चांगला हाय. मीच वलखतू असले हात. पन काम लपवाया केला. लपवाया केला का असाच होते."

"म्हंजे?" शहाजीराव म्हणाले.

"काय नाय सायब. आमची मिस्त्री लोकांची भाषा."

जोतीरामनं खिशातून नोट काढून पुढं धरली. इतक्या वर्षांत त्या दोघांत पैसा कधी आडवा आला नव्हता. कुणाचं काम कुणी केलं, कुणाची सुकट कुणी खाल्ली, याचा हिशेब नव्हता. घेणार नाही, असं जोतीरामला वाटलं. घेऊ नये, असंही वाटलं. देवजीनं नोट घेतली, उजेडात धरून बघितली, अनोळखी गिऱ्हाइकाची बघतात तशी, आणि खिशात घातली.

"येतू सायब."

पुढचं सगळं रीतीनं झालं. ओट्यावर पोतं टाकून पाहुण्यांनी पाय वाचवले. ज्ञानेश्वरी चहाचा ट्रे घेऊन आली, खाली बसली. रंगूबाईंनी नाव विचारलं, शिक्षण विचारलं, पुरणपोळी, कटाची आमटी येते का विचारलं.

"आन् वडील काय करत्यात?"

जोतीरामनं लेकीकडं बघितलं. तिनं खाली बघून सांगितलं, "पाइपलाइनीचं काम बघतात."

"म्हंजी इंजनेरच की!"

"तसंच," ज्ञानेश्वरी म्हणाली.

शहाजीराव खूश होते. निघताना त्यांनी जोतीरामच्या खांद्यावर हात ठेवला. "खरं सांगू का पाव्हणं, मला तुमचा दरारा आवाडला. कसं खडसावून काम करून घेतलं! न्हायतर ह्या लोकांस्नी तोंड दिलं की डोक्यावर बसत्यात. आमच्याकडनं होकार समजा."

गाडी गेली. लायनीतल्या बायका पेढे विचारायला आल्या आणि गेल्या. ज्ञानेश्वरी साडी बदलून चेंबरच्या उघड्या भोकाशी येऊन बसली. जोतीराम झाकण बसवत होता. आता पडद्याची गरज नव्हती, सगळ्यांनी सगळं बघितलंच होतं. फक्त काय बघितलं हे त्यांना कळलं नव्हतं.

"तेच देवजीकाका ना?"

जोतीराम झाकणाच्या कडेचं सिमेंट खरवडत राहिला.

"मी करीन लग्न, आप्पा. मुलगा वाईट न्हाय." ती टाइलचा तुकडा उचलून बघत होती. "पन तिकडं माझ्या घरी तुंबलं, तर मी कुनाला बोलवू?"

सोमवारी जोतीराम पावण्याला गेला. गोदामात शर्ट बदलला, पायरीवर आला. देवजी उठला नाही, रागावला नाही, शिवी दिली नाही. फक्त बूड सरकवून जागा केली आणि म्हणाला, "बसा सायब."

"दादा, असं नगं. शिवी घाल एकांदी."

"सायब लोकांना शिवी देतान काय?"

दुपारी जोतीरामनं डबा उघडला. दोन भाकऱ्या जास्तीच्या होत्या, चटणी वेगळ्या पुडीत बांधलेली, ज्ञानेश्वरीनंच बांधलेली. त्यानं त्या मधोमध ठेवल्या. देवजीनं आपला डबा मांडीवर घेतला, तोंड रस्त्याकडं केलं आणि जेवला. सुकटीचा वास तेवढा इकडं आला. संध्याकाळी जोतीरामनं त्या भाकऱ्या घरी न नेता वाटेत गाईपुढं टाकल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन भाकऱ्या होत्याच. नको म्हणून सांगायचं तर का, तेही सांगावं लागलं असतं.

लग्नाची तारीख धरली आणि शहाजीरावांचा फोन आला. तळोज्याच्या फ्लॅटमध्ये बिल्डरनं दिलेलं भांडं काढून चांगलं कमोड बसवायचं होतं, सूनबाईंसाठी. "तुमचा तो माणूस धाडा की पाव्हणं. त्या दिवशीचा. काम बेस करतो गडी. तुमचा वचक हायेच."

जोतीरामनं दोन दिवस काढले. स्वतः जावं असं त्याच्या मनात आलं होतं. लेकीचं घर. आपल्या हातानं पाइपाला उतार द्यावा, ढाळ काढावा, आपल्या हातानं जोड बसवावा, तिला जन्मात कुणाला बोलवायला लागू नये. पण जाणार कुठल्या तोंडानं आणि कुठल्या शर्टात? शेवटी त्यानं देवजीला विचारलं. पायरीवरच, खाली बघून.

"दादा, माझ्यासाठी नगं. पोरीसाठी कर. तुझ्या चटनीची पोरगी हाय ती."

देवजीनं विडी पेटवली. बराच वेळ धूर सोडत समोरच्या पत्र्यांकडं बघत बसला. जोतीरामला वाटलं, विरघळला.

"माफ करा, सायब," देवजी म्हणाला. "संडासाचा काम आपून करीत नाय. नल, टाकी, मोटार, काय पन सांगा."

शहाजीरावांनी मग तळोज्यातलाच कुणी स्वस्तातला माणूस धरला. काम झाल्यावर व्याह्यांना फ्लॅट दाखवायला बोलावलं. जोतीराम, उज्वला, ज्ञानेश्वरी, तिघंही गेले. जोतीराम पांढऱ्या शर्टात. हॉल बघितला, खिडकीतून दिसणारे डोंगर बघितले, मग सगळे त्या छोट्या दारापाशी दाटीनं उभे राहिले. कमोड पांढरंशुभ्र, दुधासारखं. शिवतेजनं फ्लश दाबला.

पाणी गोल फिरलं, खाली गेलं, आणि जाता जाता किंचित थबकलं. मग गेलं. बाकी कुणाला ते दिसलं नाही. ढाळ उलटा होता. वर्ष जाईल, दोन जातील. पण एखाद्या सणाला, घर माणसांनी भरलेलं असताना, हे पाणी उंबऱ्यावर येणार, हे जोतीरामला तारखेएवढं स्वच्छ दिसलं. खालचा जोड उघडायचा, पाइप बोटभर वर घ्यायचा, एवढंच काम. त्याचा उजवा खांदा पुढं गेला. त्यानं हात पाठीमागं नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले.

ज्ञानेश्वरी त्याच्याकडंच बघत होती.

"काय सुपरवायझर सायेब," शहाजीराव म्हणाले, "कसं झालंय?"

"बेस झालंय," जोतीराम म्हणाला.

"बघा! पास केलं सायबांनी!" म्हणत शहाजीरावांनी हौसेनं पुन्हा एकदा फ्लश दाबला.